सायबाचा मोबाइल, माहं बोट

"कान पकड. सगळ्यायच्या समोर. तू तं नकला करते न बे? मंग माह्याच आवाजात माफी माग."

भंडाऱ्याच्या आमच्या हापिसात सायब असे बोलले, अन् सगळे फिसकन हासले. मी दिघोरी गावचा, ठेक्यावरचा कॉम्प्युटर ऑपरेटर. कान पकडून उभा. टेबलावर माह्या नावाचा माफीनामा टाइप करून तयार. "सायबाच्या मोबाइलशी मीच खेळलो." फक्त सही बाकी.

झालं असं. आदल्या दिवशी सायबाच्या मोबाइलवर एक फाइल आली. नाव 'बदलीची यादी'. बदली म्हणलं का हापिसात कोणाले दम धरवत नाही. मोठे बाबू म्हणाले, "सायब, पाहा न, मले गडचिरोलीले तं नाही टाकलं?"

हापिसाची रीत अशी. सायबाचा पासवर्ड टेबलाच्या काचाखाली. ओटीपी आला का सायब वरडून सांगणार. अन् बटन दाबाले बोट ऑपरेटरचं. नवा लागलो तेव्हा मी माहा अलग पासवर्ड मागतलो होतो. बाबू म्हणाले, "काहून बे, आमच्यावर भरोसा नाही?" सगळे हासले. मीही हासलो. तेव्हापासून गप.

त्या दिवशी म्हणलो, "सर, हे यादी नसन. मोबाइल धोका दाखवून राहिला."

"धानाच्या बांधीतून उठला अन् मले शिकवते? उघडून दे बे. काही होत नाही."

सगळे माह्याकडे पाहून राहिले. मी दाबलो.

संध्याकाळपर्यंत तेच फाइल सायबाच्या नंबरावरून आपोआप सगळ्या ग्रुपवर. लोकायनं उघडली, त्यायचेही मोबाइल फसले. सायबानं पाठवली म्हणल्यावर कोण इचार करते? एकाचं पाहून दुसरा. सकाळी वरून फोन आला, कोणं केलं? सायबानं माहं नाव सांगतलं.

तं मी कान पकडून उभा. माफी पाहिजे, ते बी सायबाच्या आवाजात. गळा साफ केलो. नसलेला चष्मा नाकावर ढकललो. अन् म्हणलो,

"उघडून दे बे. काही होत नाही."

शब्द न् शब्द. तो 'बे' सायब ओढतात तसाच ओढलो.

कोणीच हासलं नाही. बाबूनं कागदात मुंडकं घातलं. आदल्या दिवशी सायबाचे हेच शब्द सगळ्यायनं आयकले होते.

कान सोडलो. सही केलो नाही.

थकलो बाप्पा. शाळेपासून मास्तरायच्या नकला करून लोकायले हासवत आलो. हासले का वाटे, आपलेच आहेत. अन् त्यायच्याच हासण्याच्या भेवानं ते बटन दाबलो. मोबाइल तं बिचारा सांगून राहिला होता.

ठेका राहते का जाते, मालूम नाही. चहाले कोणी बलावत नाही. काल सायबानं सवयीनं मोबाइल पुन्हा पुढं सरकवला. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो.

"सर, तुमचा मोबाइल, तुमचं बोट."

मांगं कोणीतरी फिसकन हासलं.

हासा. बोट मी देत नाही.