नटीच्या वडिलांकडून

माझ्या बहिणीचा जन्म एक जूनला झालेला नाही. ती पोळ्याच्या दिवशी झाली. आमचे वडील, म्हणजे अण्णा, बैलांची शिंगं रंगवायची अर्धवट टाकून सुईणीला आणायला पळाले होते. त्या पोळ्याला आमचा एक बैल एकच शिंग रंगवलेला फिरला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एक जून ही तारीख हेडमास्तरांची. शाळेत नाव घालताना ज्या पोराचा जन्म कधीचा ते कुणाला सांगता येत नाही, त्याला एक जून लावायचा आणि मोकळं व्हायचं. आमच्या भागात माझ्या वयाची निम्मी माणसं एक जूनला जन्मलेली आहेत. मी स्वतः जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यामुळं हे मला कुणी सांगायला नको. कितीतरी पोरांना मीच एक जून लावलाय.

बहीण नटी आहे. नाटकांत, मालिकांत तिचा चेहरा लोक ओळखतात, कधी कधी नावही ओळखतात. मी निवृत्त झाले तेव्हा लेकीनं मला मोबाइलवर मराठी लिहायला शिकवलं आणि इंटरनेटवरचं मावशीचं चरित्र उघडून दिलं. यात चूक असली तर कुणालाही दुरुस्त करता येते, असं ती म्हणाली. झालं. लाल पेनाची सवय लागलेल्या बाईला आयतंच काम मिळालं.

एक जून मी खोडला. दुसऱ्या दिवशी तो परत जागेवर. शाळेच्या दाखल्यात हीच तारीख आहे, अशी खाली टीप. हेडमास्तर गेले, त्या शाळेवरचे पत्रे उडून गेले, पण त्यांनी मारलेली थाप काही हटत नाही. मी म्हटलं, मरू दे तारीख.

पण त्याच्या खालचं वाक्य वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘अभिनयाला वडिलांचा विरोध होता. त्यांनी तिला घराबाहेर काढलं.’ आणि पुरावा कसला जोडला होता, तर बहिणीनंच एका मासिकाला दिलेल्या मुलाखतीचा.

आता मी सायकल पाहिलेली आहे. ती नामांतराची वर्षं होती. विद्यापीठाच्या नावावरून आज मोर्चा, उद्या बंद, कुठं निघायचं म्हटलं की आधी विचारायचं, आज एसट्या चालू आहेत का. मी लग्न होऊन पूर्णेला होते, नवरा रेल्वेत. परभणीला नाटकांची स्पर्धा होती आणि बहिणीचं त्यात काम होतं, म्हणून मी गाडीनं बघायला गेले. बंद आदल्या दिवशीच संपला होता, पण दगडफेकीच्या भीतीनं एसट्या काही डेपोतून निघत नव्हत्या. आमचं गाव पाथरीच्या बाजूला. मी धरूनच चालले होते की ही येत नाही. दुपारी बघते तर हॉलच्या दारात अण्णा, धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या, आणि सायकलच्या कॅरिअरवर ही. चाळीसेक किलोमीटर तिला बसवून आणलं होतं. वाटेत डुलकी लागून तिचा पाय चाकाच्या आऱ्यांत गेला होता आणि टाचेला अण्णांचा पंचा बांधलेला होता. तशीच ती स्टेजवर गेली. परीक्षकांनी तिच्या लंगडण्याचं खास कौतुक केलं, पात्राचा फार बारकाईनं अभ्यास केलाय म्हणाले. अण्णा शेवटच्या रांगेत उभे राहून हसत होते.

असा माणूस पोरीला घराबाहेर काढेल? मी तिला फोन लावला.

“असं कसं सांगितलंस गं तू? लाज न्हाई वाटली?”

“जुनी मुलाखत हाय आक्का. ऱ्हाऊ दे ना.”

“ऱ्हाऊ दे काय? अण्णा जिवंत हायत अजून. गावात पोरासोरांच्या हातात मोबाइल हायत. उद्या कुणी पारावर त्यांना वाचून दाखवलं तर? या वयात?”

नव्वदीला टेकलेल्या माणसाची मला भीती वाटत होती ती हीच. अण्णांनी ना मोठा जमीनजुमला केला, ना पुढारपण. गावात कुणी आपल्याकडं बोट दाखवलं नाही, एवढीच त्यांची कमाई. ती त्यांच्याच लेकीच्या तोंडून जावी, हे मला सहन होत नव्हतं.

ती म्हणाली, “तुला बदलायचं तर बदल. माझी हरकत न्हाई. पुरावा मागितलाच तर सांग, टाचेवर वण हाय, येऊन बघा म्हणावं.”

मी बदललं. लिहिलं, ‘अभिनयात तिला वडिलांचं प्रोत्साहन होतं. एसट्या बंद असताना त्यांनी तिला सायकलवरून स्पर्धेला नेलं आणि ते कायम तिच्या पाठीशी उभे राहिले.’ चार वेळा वाचलं. शुद्धलेखन तपासलं. समाधान वाटलं. आठवड्याभरानं त्या वाक्याशेजारी टीप आली, पुरावा द्या, नाहीतर काढून टाकू.

पुरावा आहे म्हटलं माझ्याकडं. आमच्या गावच्या जत्रेत नाटक व्हायचं. एका वर्षी त्यात बहिणीनं नायिकेचं काम केलं होतं आणि पाथरीच्या छापखान्यातून त्याची गुलाबी पत्रकं छापून आणली होती. बापाचा विरोध असता तर गावच्याच जत्रेत पोरगी स्टेजवर चढली असती का? एक पत्रक अण्णांच्या ट्रंकेत असणार, त्यांना कागद टाकवत नाही. मी पाथरीपर्यंत एसटीनं आणि पुढं जीपनं गावी गेले.

अण्णा बाजेवर बसले होते. मी ट्रंक उघडलेली बघून म्हणाले, “काय हुडकायलीस माय?”

“जत्रेतल्या नाटकाचं पत्रक. तिचं नाव छापलंय ना त्यात.”

“कशाचं छापलंय.”

पत्रक सापडलं. घड्यांवर फाटलेलं, पण अक्षरं जागेवर. पुरुषांची नावं आमच्याच गावची, आडनावांसकट. नायिकेच्या नावापुढं मात्र कुणा भलत्याच मुलीचं नाव आणि कंसात औरंगाबाद. तेव्हा मला आठवलं. गावच्या नाटकात बायकांची कामं करायला शहरातून नट्या आणत. चांगल्या घरची पोरगी स्टेजवर गेली की तिला स्थळ येत नाही, हा सगळ्यांचा पक्का हिशेब. म्हणून क्वचित एखादी गावातलीच उभी राहिली, तर पत्रकावर तिला परगावची करायची. गावाला सगळं ठाऊक असायचं. ते झाकण बाहेरच्यांसाठी.

“नाव बदला असं मीच सांगितलो होतो,” अण्णा म्हणाले. “सोनपेठकडलं स्थळ चालू होतं तवा.”

“ते पत्रिका जुळली न्हाई म्हणून मोडलं ना?”

अण्णांनी नाही म्हणून मान हलवली. आणि मग जे मला तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, ते त्यांनी सांगितलं.

सोनपेठकडचे पाहुणे जत्रेला आले होते. नाटकाला त्यांना पुढच्या खुर्च्यांवर बसवलं होतं. बहिणीनं असं काम केलं की लोक रडायला लागले. आमच्याकडं काम आवडलं की उठून बक्षीस द्यायचं, आणि देणाऱ्याचं नाव माइकवरून पुकारायचं. दणादण बक्षिसं यायला लागली. अण्णांना राहवलं नाही. पाहुणे बसलेत, नाव बदललंय, सगळं त्या घटकेला विसरून गेले. उठले आणि बक्षीस पाठवलं. पुकारणाऱ्यालाही पोरीचं कौतुक. त्यानं खणखणीत आवाजात सांगितलं, नटीच्या वडिलांकडून, आपल्या लेकीला. आणि अण्णांचं पूर्ण नाव घेतलं.

पाहुणे नाटक संपायच्या आत उठून गेले.

“चूक माजी,” अण्णा म्हणाले. “समद्या गावानं तोंड शिवून घेतलं होतं, अन् मी बापच बोललो. पण त्या टायमाला ते कबूल करवतंय का? सकाळी तिच्यावरच गेलो. म्हणलो, तुज्या पायी बदनामी झाली, या घरात ऱ्हाऊ नको. ती एक शब्द बोलली न्हाई बग. तुमीच उठलाव, तुमीच दिलाव, असं म्हणाली असती तरी मला जागा नव्हती लपायला. कपड्याची पेटी घेतली अन् गेली.”

पेटी घेऊन ती माझ्याकडंच आली होती. मी दार उघडून विचारलं, कशी काय आलीस गं, तर म्हणाली, अण्णांनी पाठवलं. मी खूश झाले. पंधरा दिवसांनी अण्णा ज्वारीचं पोतं आणि शेंगा घेऊन पूर्णेला आले. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत हे माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही, मी भाकरी करत होते. त्यानंतर ती नाटकाचं शिक्षण घ्यायला औरंगाबादला गेली, तिथून मुंबईला. पत्रकावर छापलेलं गाव असं खरं झालं. आणि मी शाळेत पोरांना सांगत राहिले, बाप असावा तर आमच्या अण्णांसारखा.

“आता ते वाच,” अण्णा म्हणाले.

“काय?”

“मोबाइलमदलं. तिनं सांगितलेलं लिवलंय म्हणं, गावातली पोरं सांगायलीत.”

म्हणजे त्यांना माहीत होतं. मी आधी माझं वाक्य वाचलं, प्रोत्साहन, सायकल, पाठीशी उभे राहिले. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, “हे तुजं हाय. तिचं वाच.” मग मी जुनं वाक्य शोधून काढलं आणि काही न गाळता वाचलं. विरोध होता, घराबाहेर काढलं.

“बरुबर हाय. मला मोठं करायला तिला खोटं पाडू नको. तिनं सोसलंय ते. परत घाल.”

“अन् सायकल?”

“सायकल बी खरी हाय. पण तिला सबूत कुठला आणतीस?”

मी त्यांच्यासमोरच बाजेच्या कडेला बसून माझं वाक्य पुसलं आणि जुनं परत घातलं. विरोध होता, हे काही मला आजही पटत नाही. पण तो शब्द बदलायचा मला काय अधिकार, म्हणून तसाच ठेवला. जन्मभर दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या, आणि स्वतःच्या घरातली एवढी मोठी चूक मला दिसली नाही, याचा मला फार राग आला. बहिणीचा त्याहून जास्त आला. तिनं मला सांगायला पाहिजे होतं. मी काही परकी नव्हते.

जीपची वाट बघत मी फाट्यावरूनच तिला फोन लावला. भांडायचंच ठरवलं होतं.

“अण्णांनी सांगितलं मला सगळं,” मी म्हटलं.

“सोनपेठकडलं?” ती म्हणाली.

“मला का न्हाई सांगितलंस?”

“तुझे अण्णा चांगले होते आक्का. ते कशाला बिघडवायचे.”

माझं भांडण तिथंच संपलं. मग मी तिला सांगितलं, की तुझं वाक्य मी परत घातलं, अण्णांनी घालायला लावलं, आता सगळं बरोबर आहे.

“पुसलंस ते?” ती म्हणाली. “सायकलचं?”

“पुसलं. का?”

“न्हाई, काही न्हाई. इतके दिवस रोज सकाळी उघडून वाचायले मी.”