दामूदादांचं खोगीर

दामूदादा पडले तेव्हा मी त्यांच्यापासून चाळीसेक पावलांवर होतो. कारखान्यातल्या माझ्या केबिनमध्ये बसून त्यांच्याच कामाच्या परवान्याची दुसरी प्रत भरत होतो. ओरडणं वगैरे काही ऐकू आलं नाही. गेटवरचा सिक्युरिटीवाला दारात येऊन म्हणाला, "साहब, वो नारियलवाला चाचा गिर गया." मी उठलो, खुंटीवरचं हेल्मेट डोक्यावर चढवलं, हनुवटीखालचा पट्टा लावला आणि मगच बाहेर पडलो. तेवढं मात्र विसरलो नाही. बोईसरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. याला आता सात आठवडे झाले आणि ते हेल्मेट घालायला लागलेले क्षण काही माझ्या डोक्यातून जात नाहीत.

मी मूळचा सांगलीकडचा. तारापूरच्या कारखान्यात सुरक्षा विभागात लागलो तेव्हा नवं लग्न झालेलं, आणि बायकोला समुद्र हवा म्हणून घिवलीत भाड्यानं घर घेतलेलं. मालकाच्या वाडीतले नारळ उतरवायला दामूदादा यायचे. सायकलच्या मागं एक गाठोडं. त्यात लाकडाच्या हातभर लांबीच्या वीसेक पायऱ्या, प्रत्येकीला काथ्याची दोरी, आणि वर गोणपाटात गुंडाळलेली एक दोराची बैठक. गावातले बाकीचे लोक झाडाला खाचा पाडून चढायचे. दादांना ते पटायचं नाही. पायरी बांधायची, तिच्यावर उभं राहून पुढची बांधायची, आणि उतरताना एकेक सोडत खाली यायचं. शेंड्यापाशी पोचलं की बैठकीचा दोर खोडाभोवती फिरवून तीत बसायचं, दोन्ही हात मोकळे. मी थट्टेनं त्या बैठकीला खोगीर म्हणालो, तर त्यांना तो शब्द इतका आवडला की पुढं गावभर खोगीर हेच नाव झालं. दर पावसाळ्यानंतर ते खोगिराचा दोर नवा वळायचे. जुना कितीही धड दिसला तरी विहिरीला द्यायचे. गाठोडं कुणाला उसनं द्यायचे नाहीत आणि दुसऱ्यानं बांधलेल्या पायरीवर पाय ठेवायचे नाहीत.

एका रविवारी हट्टानं मीही चढलो. तिसऱ्या पायरीवर माझे पाय लटपटले आणि मी वर हात करून काहीतरी धरायला बघू लागलो. खालून दादा शांतपणे म्हणाले, "भाऊ, खोडाला मिठी मारा. वरचं कायच धरू नका. झावळी झाडाची नसते, ती पडायचीच असते." मी खोडाला मिठी मारून राहिलो आणि त्यांनी हसत हसत मला खाली उतरवून घेतलं. हे त्यांनी मला सांगितलं होतं... मला, स्वतः, माझ्या भल्यासाठी. हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवतो आहे.

पुढं मी बोईसरला फ्लॅट घेतला, पण दादांचं येणं थांबलं नाही. मुलीला कावीळ झाली तेव्हा महिनाभर रोज शहाळी घेऊन सायकलवर आले. एकही दिवस चुकला नाही. आमच्याकडे आले की चहा बशीतच लागायचा आणि गाठोडं दाराबाहेर ठेवायचं नाही, सोफ्यापाशी पायांजवळ. बायको चेष्टा करायची की दादा त्याला घेऊन झोपतात की काय. त्यावर ते म्हणायचे, आमची घरवाली बी तेच म्हनते.

कुंभवलीच्या बाजूला आमच्या कारखान्याच्या आवारात पाच माड आहेत. या वर्षी एक नारळ एका मोठ्या साहेबाच्या गाडीच्या काचेवर पडला आणि लगेच हुकूम सुटला की सगळे नारळ उतरवा. मी अभिमानानं म्हणालो, माझा माणूस आहे. दादा आले ते स्वच्छ शर्ट घालून. सगळ्यांसमोर त्यांनी मला पहिल्यांदाच 'सायब' म्हटलं. आणि मी साहेबासारखाच वागलो. आमच्याकडे उंचीवरच्या कामाला शिक्का असलेलाच पट्टा लागतो. काथ्याच्या दोराला कोण शिक्का देणार? मी दादांचं गाठोडं उघडलं, खोगीर उलटंपालटं करून पाहिलं, आणि त्याला लाल चिठ्ठी बांधली. चिठ्ठीवर माझ्या हातानं लिहिलं, 'नापास, वापरू नये', आणि खाली नाव घालून सही केली. दोर त्याच महिन्यात वळलेला होता. मला ते दिसत होतं.

दादांना कारखान्याचा सेफ्टी बेल्ट चढवला आणि माडाला आमची ॲल्युमिनियमची शिडी लावली. रोज मी नव्या कामगारांना जे पाठ करून घेतो तेच त्यांनाही सांगितलं, की पट्ट्याचा हूक नेहमी डोक्याच्या वर अडकवायचा. लोखंडी सांगाड्यावर हा नियम माणसं वाचवतो. दादांनी मान वर करून माडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सायब, वर निस्त्या झावळ्याच हायत. झावळीला अडकवू?"

मी परवाना भरत होतो. त्यावरून नजरही न उचलता म्हणालो, "कुठंही अडकवा, डोक्याच्या वर पाहिजे एवढंच."

"तुमच्या कंपनीत तुमचा शब्द," ते म्हणाले, आणि चढले. इतक्या वर्षांत जी गोष्ट त्यांनी कधी केली नव्हती ती माझ्या शब्दावर केली. झावळी त्यांच्यासकट निघून आली. हूक तिच्यात अगदी नियमाप्रमाणे अडकलेला होता.

अहवाल मीच लिहिला. 'कामगाराने हूक अयोग्य ठिकाणी अडकवला.' या वाक्यात एक शब्दही खोटा नाही, आणि म्हणूनच त्याच्यासारखं नीच वाक्य मी आयुष्यात लिहिलेलं नाही. कँटीनमध्ये एकजण सहज म्हणाला की किनाऱ्याकडचा माणूस, सकाळीच ताडी झाली असणार. दादांनी कधी ताडीला तोंड लावलं नव्हतं, हे त्या टेबलावर फक्त मला माहीत होतं. मी भात कालवत राहिलो.

तेराव्याला घिवलीला गेलो. त्यांच्या पत्नीला, सुमनवहिनींना, अहवालातलं ते वाक्य कुणीतरी सांगितलेलं होतं. त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढं ठेवला आणि विचारलं, "भावजी, झावळीला हूक लावायचा माणूस तो नाय. त्यानं इचारलं नव्हतं कुणाला?"

मी म्हणालो, "नाही, वहिनी."

मी पाणी प्यायलो. घोट घशाखाली उतरलासुद्धा, याची मला अजून किळस येते.

गाठोडं मात्र माझ्या केबिनच्या कोपऱ्यातच होतं. चिठ्ठी बांधलेली वस्तू आवारात ठेवायची नाही असाही आमचा नियम आहे, आणि मी तो सहा आठवडे मोडला. शेवटी गेल्या रविवारी ते उचलून घिवलीला नेलं. सायकलवर दादा ते कसं नेत असतील कोण जाणे, गाडीतून उतरवून अंगणापर्यंत नेताना माझा खांदा भरून आला. ओटीवर त्यांची खोगिराची खुंटी रिकामी होती. वहिनींच्या हातात देण्याआधी मी घाईघाईनं ती लाल चिठ्ठी सोडायला गेलो आणि तिथंच, उभ्या उभ्या, सगळं सांगून टाकलं. दादांनी विचारलं होतं. मलाच विचारलं होतं. मी वर पाहिलं नाही.

वहिनींनी माझा हात बाजूला केला. खोगीर घेतलं, दोरावरून एकदा बोटं फिरवली, आणि चिठ्ठीसकट खुंटीला अडकवलं.

"चिठ्ठी ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "येनारा-जानारा वाचंल. खाली तुमचं नाव हाय ना?"

आहे. ओटीच्या पायरीवरूनही वाचता येतं. माझं अक्षर पहिल्यापासून चांगलं आहे.