माईक नको म्हणणारा मामा

आमच्या भोकरदन तालुक्यात माझ्या मामाइतका मोठा आवाज कुणाचा नसेल, आणि इतका कमी ऐकला गेलेला गवईही दुसरा सापडणार नाही. मामा टेनर आहे. हा शब्द मलाही कॉलेजात गेल्यावर कळला, म्हणून सांगते: ऑपेरा म्हणजे सगळं नाटक गाण्यातच, तेही परक्या भाषेत आणि माईकशिवाय, त्यातला पुरुषाचा उंच आवाज तो टेनर. मेंढ्या राखणाऱ्या घरातला हा मुलगा मुंबईत बारा वर्षं हे शिकला, मैफिलींत मागच्या रांगेत उभा राहून गायला. एकट्यानं गायची पाळी तीनदा आली. मग तेही काम आटलं आणि तो गावी परतला.

परतला तो सवयी घेऊनच. मे महिन्यात गळ्याला मफलर. ठेचा वर्ज्य, ताकही वर्ज्य. गळा शिणू नये म्हणून सकाळभर चिठ्ठ्या लिहून बोलायचा, आणि आजीला वाचता येत नाही. श्वास वाढावा म्हणून पोटावर पाटा ठेवून ओसरीवर पडायचा. तोवर आजीची चटणी थांबायची. शेजारच्या काकू रोज विचारायच्या, "पोट दुखून राह्यलं का भाऊचं?" एकदा तो माळावर रियाजाला गेला, तर आजोबांच्या मेंढ्या चरणं सोडून त्याच्याकडे धावल्या. त्याचा सगळ्यात उंच स्वर हुबेहूब आजोबांच्या हाकेसारखा लागतो. आजोबा म्हणाले, "गाणं शिकाया गेल्ता का माझ्या मेंढ्या बिघडवाया?"

आम्ही हसलो. मामाला मात्र ते लागलं. आजोबांनी एकदा समोर बसून आपलं गाणं ऐकावं, एवढंच त्याला हवं होतं.

मागच्या वर्षी गावानं त्याचा कार्यक्रम ठेवला. आजोबा धुतलेला पटका बांधून पहिल्या रांगेत बसले. आमच्याकडे गाण्याआधी सत्कार. मामाचा झाला, मग त्याचा सत्कार करणाऱ्यांचा, मग मंडपवाल्याचा, मग उशिरा आलेल्या पाहुण्यांचा. दोन तासांनी आजोबा उठले. "मुकी जनावरं उपाशी हायेत," म्हणाले आणि गेले. मामा मंचावरून बघत होता, मांडीवर चार नारळ. शेवटी तो उभा राहिला, माईक बाजूला सारला, श्वास भरला. माईकवाल्यानं धावत येऊन माईक पुन्हा तोंडापुढं आणला.

"राहू दे," मामा म्हणाला.

"न्हाई भाऊ, मागच्याला बिलकुल ऐकू येणार न्हाई."

ही ओढाताण चालू असतानाच निवेदकानं आभार मानले आणि लोक पंगतीला उठले. त्या शालींचा मला अजून राग येतो. प्रत्येक शालीला मीही टाळ्या वाजवल्या होत्या, हेही सांगायला हवं.

त्यानंतर मामानं गाणं सोडलं. मफलर खुंटीला लागला. मामा ठेचा खाऊ लागला, आणि ते बघवत नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा खोकल्यानं आजोबांचा आवाज बसला होता. कळप ओढ्यापलीकडे. ते मामाकडे न बघता म्हणाले, "तू मार हाक."

मामानं स्वर लावला. पलीकडे माना वर झाल्या. मेंढ्या निघाल्या तरी त्यानं स्वर सोडला नाही. आजोबा काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते.

"मंग त्या दिवशी असं का न्हाई गायला?" त्यांनी विचारलं.

घरी आल्यावर खुंटीवरचा मफलर काढून मामानं आजोबांच्या गळ्याला गुंडाळला.