मागच्या सीटवरचे दाजी

माझ्या दाजींनी मला फसवलं. माझ्याच मोटारसायकलवर, माझ्याच पेट्रोलवर, मागच्या सीटवर आरामात बसून फसवलं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. घरात हा विषय निघाला की सगळे म्हणतात, झालं ते झालं, आता किती वर्षं झाली. वर्षं झाल्यानं फसवणूक जुनी होते, मिटत नाही.

लातूरच्या आडत बाजारात पोत्यांतून सांडलेली तूर झाडून गोळा करायची, निवडून विकायची, इथून माझी सुरुवात. पुढे रिकामी पोती विकली, मग डाळ मिलला माल मिळवून देण्याची दलाली केली, मग स्वतःची छोटी आडत टाकली. मोटारसायकल घेतली ती सेकंडहँड. विकणारा तिला नवी म्हणत होता, मी तिला भंगार म्हणत होतो. व्यवहार असाच करायचा असतो. जी वस्तू आवडली तिला आधी नावं ठेवायची, आणि जी नको असेल तिचं तोंडभर कौतुक करून पुढे जायचं. हे मला कुणी शिकवलं नाही, बाजारात उभं राहून समजलं.

तिशीला आलो तरी माझं लग्न झालेलं नव्हतं. आई-वडील नव्हते, आणि बहिणीनं सांगितलेली स्थळं मी बघायला जात नव्हतो. स्थळ बघायला गेलं की मुलाकडच्यांनी खोटं गोड बोलायचं आणि मुलीकडच्यांनी खोटं लाजायचं, याचा मला राग होता. रागाची मला सवय आहे.

त्या सुमारास दोन गोष्टी झाल्या. पाऊस पडला नाही, आणि लातूर जिल्हा झाला. काल आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यातले होतो, आज लातूर जिल्ह्यातले झालो. जमीन तीच, विहिरी त्याच, आणि त्याही कोरड्या. बाजारात माल येईना, त्यामुळे मला वेळच वेळ होता. दाजी सरकारी कारकून, त्यांची बदली नव्या जिल्हा कचेरीत झाली, त्यामुळे त्यांनाही वेळच वेळ होता. एका शनिवारी ते म्हणाले,

“मेव्हणे, आपला जिल्हा आपण बघितला पाहिजे.”

“त्यात बघायचं काय? हाय तसाच हाय.”

“तसाच कसा? आता तो आपला हाय.”

दुसऱ्या दिवशी आम्ही औशाचा किल्ला बघितला. मग दर रविवारी निघायला लागलो. बहीण ज्वारीच्या भाकरी आणि शेंगाची चटणी फडक्यात बांधून द्यायची, ते गाठोडं दाजी मांडीवर धरायचे. मी गाडी सावकाश चालवायचो, कारण सावकाश चालवली की पेट्रोल कमी लागतं. उतार लागला की इंजिन बंद करायचो. दाजींना ते आवडायचं. आवाज थांबला की मागून त्यांचा इतिहास ऐकू यायचा.

दुष्काळात प्रेक्षणीय स्थळं बघायचा एक फायदा असतो. गवत वाढलेलं नसतं, त्यामुळे सगळं दिसतं. खरोशाच्या लेण्यांत आम्ही दुपारभर बसलो, कारण बाहेर सावली नव्हती. तिथं एक म्हातारा ताक विकत होता. त्यात ताक कमी आणि पाणी जास्त, असं मी त्याला सुनावलं. तो म्हणाला, “मालक, पाणी मी डोंगराखालून आणतो. ताक घरचं हाय.” त्या वर्षी त्याचं बरोबर होतं. तरी मी भाव कमी करून घेतला. दाजी शेजारी लेण्यातल्या मूर्तीकडे बघत उभे होते.

मग उदगीरचा रविवार आला. किल्ल्यात फिरून झालं, खंदक बघून झाला, त्यात उतरून पोरं क्रिकेट खेळत होती तेही बघून झालं. भाकरी खाताना दाजी म्हणाले,

“इथून देवणी जवळ हाय. आपल्याच समाजातलं एक घर हाय, ओळखीचं. त्यांच्याकडं एक गाय हाय म्हणतात. बघून येऊ.”

मला गाय पाहिजे होती हे त्यांना माहीत होतं. देवणी जातीची गाय दारात बांधलेली असावी, अशी माझी इच्छा झाडू हातात होता तेव्हापासूनची. आणि चारा नसल्यानं लोक जनावरं विकून राहिले होते, म्हणजे घ्यायची तर वेळ हीच होती. मी म्हटलं, चला.

घर साधं, अंगण सारवलेलं. घरमालक उंच, गळ्यात इष्टलिंग, खांद्यावर उपरणं. आम्हाला बघून ते जरा जास्तच लगबगीनं उठले. आम्हाला बसायला सतरंजी टाकली, ती धुतलेली होती. दुष्काळात कोण गाय बघायला येणाऱ्यासाठी सतरंजी धुतं? हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. माझं लक्ष गोठ्याकडे होतं.

गाय वानेरा होती, म्हणजे अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजू काळ्या. कान लांब, पाय सरळ, कातडी अशी की माशी बसली तर सरकून पडेल. बरगड्या दिसत होत्या, पण त्या साली कुणाच्या दिसत नव्हत्या? मला ती बघताक्षणी आवडली, म्हणून मी नावं ठेवायला सुरुवात केली.

“एक शिंग वाकडं दिसतंय.”

“वाकडं न्हाई, तुम्ही तिरपं उभे हाव,” असा आवाज आला.

घरमालकांची मुलगी गोठ्यात होती. हातात कडब्याची पेंढी होती. पंचवीसेक वर्षांची असावी. मी सरळ उभा राहिलो. शिंग खरोखर सरळ होतं.

“खूर मऊ वाटून राहिलेत.”

“हात लावून सांगा. लांबून खूर मऊ हाय का टणक, ते देवाला तरी कळंल का?”

मी हात लावला. खूर टणक होते. तसं मी बोललो नाही. म्हटलं, दूध काय देत असेल, या हवेत. ती म्हणाली, “चाऱ्याएवढं देते. तुम्ही उपाशीपोटी किती पोती उचलाल?” घरमालक हसले. दाजीही हसले. मला राग यायला पाहिजे होता, तो आला नाही. त्याची मी तेव्हाच नोंद घ्यायला हवी होती. बाजारात माझ्याशी इतकं सरळ कुणी बोलत नाही.

मग भावाची वेळ आली. आमच्याकडे जनावराचा भाव तोंडानं होत नाही. घेणारा आणि देणारा एकमेकांचा हात उपरण्याखाली धरतात, आणि बोटं दाबून आकडे सांगतात. आजूबाजूला कितीही माणसं असोत, आकडा दोघांतच राहतो. त्यामुळे उपरण्याखाली कितीही कमी भावानं मागा, त्यात कुणाचा अपमान नसतो. मान हलते, बोटं बदलतात, चढत चढत भाव ठरतो. घरमालकांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि हात पुढे केला.

“अप्पा, गाय माझी हाय,” मुलगी म्हणाली. “वासरू होती तेव्हापासून मीच केलंय तिचं. भाव माझ्याशी होऊ द्या.”

आता परक्या मुलीचा हात उपरण्याखाली धरायची पद्धत कुठल्याही जिल्ह्यात नाही, नव्या किंवा जुन्या. घरमालक थांबले. दाजी खोकले. शेजारच्या दोन बायका कुडावरून बघत होत्या.

“मग कसं करायचं?” मी विचारलं.

“तोंड हाय की तुम्हाला. बोला.”

मी आयुष्यात जनावराचा भाव मोठ्यानं बोललेलो नव्हतो. बोटांनी जिथून सुरुवात केली असती, तिथूनच तोंडानं केली. चालू भावाच्या निम्म्यानं मागितली. बोटांची निम्म्यानं मागणी म्हणजे नुसता नमस्कार असतो. तोंडातून बाहेर पडल्यावर ती अंगणभर पसरली. कुडावरच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी ती सावरायला अजून बोललो, म्हणालो, “चारा संपला की याच भावाला द्यावी लागंल.” हेही बाजारातलं नेहमीचं वाक्य आहे. त्या अंगणात ते नेहमीचं वाटलं नाही.

“न्हाई द्यायची,” ती म्हणाली, आणि कडबा घेऊन आत गेली.

पहिला नकार म्हणजे नकार नसतो. आपण उठायचं, निघायचं, की मागून हाक येते. मी उठलो. अंगणातून सावकाश चाललो. गाडी पहिल्याच किकला सुरू व्हायची, पण मी पेट्रोलचा कॉक बंद ठेवून किक मारत राहिलो, हाक मारायला वेळ मिळावा म्हणून. दाजी घरमालकांशी दारात हळू आवाजात काहीतरी बोलून आले. हाक आली नाही. शेवटी कॉक उघडला.

“पुढच्या रविवारी परत येऊ,” मी म्हटलं.

“बघू,” दाजी म्हणाले.

पुढच्या रविवारी दाजींनी कंधारचा किल्ला काढला. देवणीची वाट सोडून भलतीकडेच, शेजारच्या नांदेड जिल्ह्यात. मी म्हटलं, आपला जिल्हा बघायचा होता ना? ते म्हणाले, शेजारचा बघितल्याशिवाय आपल्याची किंमत कळत नाही. कंधारच्या तळ्याचा तळ भेगाळला होता, त्यात बसून आम्ही जेवलो आणि दाजींनी मला जुन्या राजांबद्दल सांगितलं. त्याच्या पुढच्या रविवारी नांदेडला गेलो, गोदावरीत डबकी बघितली. मग एकदा दाजींचं पोट दुखलं. मग एकदा कचेरीत काम निघालं. देवणीचं नाव काही निघेना.

एकट्यानं जाता आलं असतं, पण मध्यस्थाशिवाय दुसऱ्यांदा दारात उभं राहणारा गरजू दिसतो. मी गरजू दिसायला तयार नव्हतो. मनातल्या मनात मात्र मी रोज भाव वाढवत होतो. तूर झाडणाऱ्या बायकांकडे बघत वाढवायचो, जेवताना वाढवायचो. चालू भावावर आलो, मग त्याच्या वर गेलो. खरं सांगायचं तर गायीसाठी इतका भाव कुणी देत नाही. हे मला कळत होतं. मी गाडी चालवताना दाजींना सांगायचोही, “त्या देवणीच्या गायीला आता मी अमुक द्यायला तयार हाय.” मागून उत्तर यायचं, “समोर बघा. खड्डा हाय.”

उन्हाळा सरत आला तेव्हा दाजी म्हणाले, उमरीला जायचं आहे, ओळखीचं लग्न आहे, जेवून येऊ. पहाटे निघालो, लोह्याला चहा घेतला, नांदेड ओलांडून उमरीला पोचलो. मांडव नवऱ्या मुलाच्या दारात होता. मांडवाशेजारी टँकर उभा होता आणि त्याच्या पलीकडे, सावलीला, ती वानेरा गाय बांधलेली होती.

मी जवळ गेलो. बरगड्या बुजल्या होत्या. मी म्हणालो होतो त्यापेक्षा गाय फार चांगली होती. ते मला पहिल्या दिवशीही माहीत होतं.

मागून नवरीचे वडील आले, तेच देवणीचे घरमालक. माझा हात हातात धरून म्हणाले,

“पाव्हणं, राग धरू नका. मला तुम्ही पसंत होता. कमावता माणूस हाय, नशापाणी न्हाई. पण पोरगी न्हाई म्हणली.”

“मला? मी तर गाय बघायला आलो होतो.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग दाजींकडे बघितलं. दाजी टँकरवरचा नंबर वाचत होते.

“काय म्हणली?” मी विचारलं.

“म्हणली, त्याला गाय आवडली होती, मी बघितलं. आवडलेल्याला जो असं बोलतो, त्याच्याकडं मी न्हाई जाणार.” मग दाजींकडे हात करून म्हणाले, “तुमच्या दाजींना आम्ही त्याच दिवशी दारात सांगितलं होतं की.”

मी जेवलो नाही. दाजी जेवले. मी गाडीजवळ उभा राहिलो. ते पान खात आले तेव्हा मी विचारलं, मला का सांगितलं नाही?

“सांगितलं असतं तर तुम्ही आला असता का?”

“न्हाई.”

“मग?”

“मग मला न सांगता मला त्यांना दाखवलंत?”

“मेव्हणे, तुम्ही पोत्यात लोखंडी नळी खुपसून मधला माल बाहेर काढता का न्हाई? वरचा माल बघून कधी घेतलाय?”

“न्हाई.”

“त्यांनी बी मधला बघितला.”

मी म्हटलं, नळी खुपसताना शेतकरी पोत्याशेजारी उभा असतो, त्याला माहीत असतं. त्याच्या नकळत नळी खुपसली तर बाजार समिती आडत बंद करते. यावर दाजी म्हणाले, “ऊन वाढून राहिलंय. गाडी काढा.” मी काढली. लातूरपर्यंत वाटेत कुठं थांबलो नाही. एकही स्थळ बघितलं नाही.

पुढे माझं लग्न झालं. सांगून, ठरवून, धुतलेल्या सतरंजीवर बसून, खोटं गोड बोलून झालं. बायको चांगली आहे. हे लिहिलेलं तिनं वाचलं आणि तिचं म्हणणं पडलं की दाजींचंच बरोबर होतं, तिला मी आहे तसा आधी दाखवला असता तर तिनंही नकार दिला असता. हा माझ्या बाजूचा पुरावा आहे की दाजींच्या, ते तिला कळत नाही.

दाजींचं म्हणणं असं, की माहीत असतं तर तिथं बोलणारे ते तुम्ही नसता. नसतो तर नसतो. स्थळ बघायला आलेला कोणता माणूस स्वतःसारखा असतो? एका दुपारपुरतं बरं बोलायची संधी सगळ्यांना मिळते, कामचुकारांना मिळते, दारुड्यांना मिळते. ती माझी होती आणि ती त्यांनी मला मिळू दिली नाही. आणि त्यानंतर त्यांना नकार माहीत असताना, मी रोज भाव वाढवतोय हे कानानं ऐकत, ते माझ्या पाठीमागे बसून मला खड्डे दाखवत राहिले.

दाजी आता थकलेत, पण रविवारी फडक्यात भाकरी बांधून अजून दारात उभे असतात. बहिणीला विचारलं तर ती म्हणते, त्यांना विचार. त्यांना विचारलं तर ते किल्ल्यांबद्दल बोलतात. म्हणून इथं लिहून विचारतो. दाजी, मला न सांगता मला दाखवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? आणि त्याच दिवशी नकार आला होता, तर तो इतके रविवार माझ्यापासून का लपवलात? उत्तर द्या. ते आल्याशिवाय मी गाडी बाहेर काढणार नाही.