मोरितासानांच्या गावचा पार्क

ऑफिसात काम भरपूर असलं की किस्से होत नाहीत. काम आटत आलं आणि पगार मात्र चालू असला, की ते साचायला लागतात.

ब्रिस्टलला आमच्या ऑफिसात विमानाच्या पंखांची ड्रॉइंग्ज होतात. गेल्या वर्षी एका सोमवारी सगळ्यांना ईमेल आली: काही पोस्ट्स कमी होणार, कोणाला काढायचं यावर सहा आठवडे कन्सल्टेशन. त्या सहा आठवड्यांत कोणी धड खुर्चीवर बसलं नाही. सगळ्यात जास्त अस्वस्थ होता माझ्या शेजारचा गिरीश. पुण्याचा, वर्क व्हिसावर, बायकोला सातवा महिना. नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधा, नाहीतर सामान बांधा. दर पाच मिनिटांनी उठून प्रिंटरपर्यंत जायचा आणि रिकाम्या हाताने परत यायचा.

समोर बसायचे मोरितासान. जपानच्या पार्टनर कंपनीने पाठवलेले, साठीला टेकलेले, कमी बोलणारे.

*

पहिल्याच आठवड्यात, गिरीशच्या सहाव्या फेरीला मोरितासान उठले. म्हणाले, "चल, पार्कात जाऊ."

जवळपास एकही पार्क नाही, म्हणून उत्सुकतेने मीही मागे गेले. त्यांनी आम्हाला बिल्डिंगच्या मागे नेलं.

"मोरितासान, हा कार पार्क आहे," गिरीश म्हणाला.

"हो. माझ्या गावचा मोठा आहे. तिथली तळ्याभोवतीची एक फेरी म्हणजे इथल्या नऊ."

आम्ही नऊ फेऱ्या मारल्या. रिसायकलिंगच्या डब्यांपाशी ते म्हणाले, "इथे स्टेडियम." सायकल स्टँडपाशी म्हणाले, "इथे पोहायचा तलाव. वर छप्पर नाही. उन्हाळ्यात पाण्यात किडे पडतात. आम्ही ते बाहेर काढत काढत पोहायला शिकलो."

*

मग रोज लंचला फेऱ्या सुरू झाल्या. एकदा मी विचारलं, की तुमच्या पार्काच्या आधी तिथे काय होतं?

"लष्कराचं कवायतीचं मैदान. युद्धानंतर खायला नव्हतं, म्हणून लोकांनी रताळी लावली. मग घरं जळलेल्यांच्या बराकी. मग मुनिसिपालटीने झाडं लावली, स्टेडियम बांधलं."

"म्हणजे त्या जागेलाच तीनदा कामावरून काढलं," गिरीश म्हणाला.

मोरितासान थांबले. नीट विचार केला.

"हो. पण तिला व्हिसा लागत नव्हता."

गिरीश त्या आठवड्यात पहिल्यांदा हसला.

*

तिसऱ्या आठवड्यात गिरीशला झोप लागेना. नोकऱ्यांच्या साइट्स बघून डोकं उठलं, की तो मॅपवर मोरितासानांचा पार्क उघडून बसायचा. ट्रॅक, बेसबॉलचं मैदान, मुलांना चढायला ठेवलेलं जुनं वाफेचं इंजिन. एकदा ऑफिसातही तेच चालू असताना आमचा मॅनेजर मागे येऊन उभा राहिला.

"ही कुठली साइट?"

"जपान," गिरीश दचकून म्हणाला.

तीन वाजेपर्यंत कँटीनमध्ये बातमी पक्की झाली होती, की आपलं सगळं काम जपानला हलवतायत, जागासुद्धा बघून ठेवली आहे. दोघीजणी रडवेल्या होऊन मोरितासानांकडे आल्या. तिथे नेमकं काय बनवणार, असं त्यांनी विचारलं.

मोरितासानांना वाटलं, पार्काचीच चौकशी आहे. ते म्हणाले, "काही बनवत नाहीत. पोहायला शिकवतात."

*

एचआरच्या मीटिंगला सोबत एका सहकाऱ्याला नेता येतं. गिरीशने मोरितासानांना नेलं. तुला का ठेवावं, असं विचारल्यावर गिरीश हातातला सीव्ही चाळत बसला. हे मला त्यानेच नंतर सांगितलं.

मग मोरितासानच म्हणाले, "मागच्या वर्षी माझ्या ड्रॉइंगमध्ये मोठी चूक होती. याने पकडली. मला एकट्याला गाठून सांगितली, बाकी कोणाला नाही. आता लिहून घ्या."

एचआरची बाई म्हणाली, "हे तुमच्याच विरुद्ध रेकॉर्डवर जाईल."

"हो. स्पेलिंग सांगतो. एम, ओ, आर..."

*

निकालाच्या दिवशी सकाळी आठलाच बोलावलं. दहा मिनिटांत गिरीश बाहेर आला. पोस्ट गेली होती.

कॉरिडॉरमध्ये माझ्याशेजारी मोरितासान आईशी व्हिडिओ कॉलवर होते. आई नव्वदीची, तिकडे दुपार कलत आलेली, ती स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलेली. मागे शाळेची मुलं पळत होती. मोरितासानांनी गिरीशचा चेहरा बघितला आणि फोन त्याच्या हातात दिला.

त्या बाईंना जपानीशिवाय काही येत नाही. गिरीश मराठीत बोलायला लागला.

"काकू, नोकरी गेली माझी. घरी अजून सांगितलं नाहीये. तिला कसं सांगू तेच कळत नाहीये."

तो बरंच बोलला. बाळाबद्दल, व्हिसाबद्दल, वडिलांच्या आजारपणाबद्दल. आम्ही तीन वर्षं शेजारी बसत होतो, यातलं शेवटचं मलाही माहीत नव्हतं. म्हातारीने फोन कानाशी धरून सगळं ऐकलं. मग ती जपानीत बोलायला लागली. बोलता बोलता उठली आणि एकेक करून दाखवत निघाली: ट्रॅक, झाडं, तळं, तळ्याकाठचा बाक. गिरीश मधून मधून "हो काकू" म्हणत होता.

कॉल संपला. मोरितासान चष्मा पुसत म्हणाले, "काय म्हणाली, सांगू?"

"नको," गिरीश म्हणाला. त्याने फोन परत दिला आणि स्वतःचा काढून बायकोला लावला.