फुकटच्या बॅगा

वर्धा रोडवरच्या शोरूममध्ये मी महागडी बाइक घ्यायला गेलो होतो. खापरखेड्याच्या वीज केंद्रात कामाला असलेले एक काका तसलीच बाइक विकायला आले होते. घेताना दिवसभर घासाघीस करून त्यांनी प्रवासाच्या दोन बॅगा फुकट मिळवल्या होत्या. त्या बॅगांचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं. सेल्समनने अगदीच पडेल भाव सांगितला. काका नुसते "ठीक आहे" म्हणाले आणि रुमालाने टाकी पुसत राहिले. मलाच राग आला.

"काका, गाडी चांगल्या किमतीच्या लायक नाही का?"

"गाडी चांगली आहे गा. मलेच कुठं जायचं नव्हतं. पॉवर हाऊस अन् घर."

मग सेल्समन माझ्याकडे वळला. सोबत काय फुकट देऊ, म्हणाला.

मी बॅगाच मागितल्या.