मी, एक सरकारमान्य आजारी

वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, प्रकृती ठणठणीत असताना, मी सरकारदरबारी आजारी म्हणून नोंदवला गेलो. आणि हा आजार मी अर्ज करून, फोटो चिकटवून, रांगेत उभा राहून मिळवला होता!

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. सीताबर्डीवर तेव्हा 'परमिट रूम' अशा पाट्यांची तीन-चार ठिकाणं नव्यानंच निघाली होती. बाहेर लाल दिवा, आत अंधार आणि काचांना असा रंग की आत कोण बसलंय ते बाहेरच्याला कळू नये. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर वानखेडे बसायचा. तो एकदा मुंबईला जाऊन आला आणि तेव्हापासून त्याला नागपूर फार कोरडं वाटायला लागलं.

"गड्या, तिकडे लोक एका संध्याकाळी चार-चार बार पाहून येतात," तो म्हणाला. "आन् आपण काय पाहून राहिलो? जावक रजिस्टर!"

मी तोपर्यंत उसाच्या रसापलीकडे गेलो नव्हतो. (त्यातही बर्फ नको म्हणायचो. घसा!) पण जावक रजिस्टरचा टोमणा मला लागला. बेत ठरला. शनिवारी अर्ध्या दिवसाचं ऑफिस सुटलं की सीताबर्डीवरचे सगळे बार पालथे घालायचे, प्रत्येक ठिकाणी एकेक ग्लास बीअर घ्यायची आणि नागपुरातली सर्वांत चांगली बीअर कुठे मिळते याचा कायमचा निकाल लावायचा. (सगळीकडे एकाच कंपनीच्या बाटल्या येतात हे आम्हा संशोधकांना ठाऊक नव्हतं!)

अडचण एकच, परमिट. त्या काळी कायद्यानं मजेसाठी पिता येत नसे, प्रकृतीसाठी पिता येई. त्यामुळे पिणारा प्रत्येक माणूस सरकारच्या लेखी आजारी असायचा आणि तो आजारी असल्याची डॉक्टरांची चिठ्ठी अर्जाला जोडावी लागायची. वानखेडेनं आपली सोय आधीच करून ठेवली होती. मी धरमपेठेतल्या आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेलो.

"काय होतं तुम्हाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"काहीच नाही."

"काहीच नाही असं कसं लिहू? काहीतरी घ्या."

"तुम्हीच द्या ना एखादं साधंसं."

डॉक्टर उदार होते. त्यांनी झोप न येणं दिलं, भूक मंदावणं दिलं आणि वर हृदयाची कमजोरी दिली.

"डॉक्टर, हृदय राहू द्या ना."

"असू द्या हो! हृदय असलं की पुढे कोणी प्रश्न विचारत नाही."

खरंच कोणी विचारला नाही. पंधरा दिवसांत शिक्क्यासकट परमिट हातात आलं. त्यावरच्या फोटोत मी इतका खंगलेला दिसत होतो की क्षणभर मलाच माझी काळजी वाटली.

हे परमिट आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची नक्कल मी सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि शुक्रवारी सकाळी तो सदरा धुवायला टाकला. विमल, माझी बायको, धुण्याआधी खिसे तपासते. कागद इंग्रजीत होते, म्हणून ती ते घेऊन वरच्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त हेडमास्तरांकडे गेली. मास्तरांनी चष्मा लावून शब्दन् शब्द समजावून सांगितला. हृदय कमजोर आहे, झोप नाही, भूक नाही आणि जीव टिकावा म्हणून आता सरकारनंच दारू घ्यायला परवानगी दिली आहे.

दुसऱ्या कुठल्याही घरात या वाक्यातला 'दारू' हा शब्द ऐकून आकाशपाताळ एक झालं असतं. पण विमलचा माझ्यावर विश्वास. (असा विश्वास वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये!) तिनं सरळ हिशेब केला, की उसाच्या रसात बर्फ न घेणाऱ्या माणसाला सरकार दारू पाजायला निघालं, म्हणजे दुखणं किती पुढे गेलं असेल! तिनं काटोलला वडिलांना तार ठोकली.

संध्याकाळी मी घरी आलो तर अंथरूण घातलेलं, देव्हाऱ्यात दिवा लावलेला, ताटात बिनमिठाची खिचडी.

"मले काहून नाही सांगितलं जी?" विमल हुंदके देत म्हणाली. "एवढं दुखणं एकट्यानं सोसत होते!"

तिच्या हातात ते दोन कागद होते. माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. खरं बोलून लबाड बेवडा ठरायचं, किंवा गप्प बसून हृदयरोगी व्हायचं. रडणाऱ्या बायकोकडे पाहत मी छातीवर हात ठेवला आणि अंथरुणावर आडवा झालो. आजही ते आठवलं की मला माझी लाज वाटते. खिचडी मात्र मी दोनदा मागून घेतली.

शनिवारी सकाळच्या पहिल्या बसनं मामाजी आले. मामाजी म्हणजे माझे सासरे, काटोलचे संत्र्याचे बागाईतदार. देह भरभक्कम, आवाज त्याहून भरभक्कम, आयुष्यात कधी सुपारीचं खांडही तोंडात टाकलं नाही. संत्र्याचं पोतं दारात ठेवून ते माझ्या उशाशी बसले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांचे डोळे भरून आले होते. मागे माझी मेहुणी शालू उभी होती. तिचेही डोळे भरलेले होते, पण ते वेगळ्याच कारणानं, हे मला लगेच कळलं.

"जवाईबापू, काळजी करू नका," मामाजी म्हणाले. "शालीचं लगन मी पुढं ढकलून राहिलो. घरचा मोठा जवाई असा पडलेला, आन् मी दारात बँड वाजवू? हे पाहा, वर्ध्याले व्याह्यांच्या नावानं पोस्टकार्ड लिहून आणलं. आज टाकतो पेटीत."

शालूचं लग्न वैशाखात ठरलं होतं. तीन स्थळं मोडून, पत्रिका दोनदा पाहून, मुलाच्या आजीला राजी करून ते एकदाचं जुळलं होतं. आजी पंच्याऐंशीची. ती पुन्हा राजी होईल की नाही आणि तोवर राहील की नाही, दोन्हींची खात्री नव्हती. मामाजी हातपाय धुवायला गेले तशी शालू माझ्यावर वाकली.

"भाऊजी, खरंच जीव घाबरते का तुमचा?"

"आत्ता घाबरून राहिलाय," मी म्हणालो. हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

"मग त्या आजीच्या आधी बरे व्हा!" ती म्हणाली आणि तोंडात पदर कोंबून आत निघून गेली.

मी ठरवलं, मामाजींना घराबाहेर एकटं गाठायचं आणि पोस्टकार्ड पेटीत पडायच्या आत सगळं कबूल करायचं. पण बाहेर पडायची वेळ त्यांनीच आणली. दुपारी चारला ते डोक्याला रुमाल बांधून उभे राहिले. "चला बापू. तुमचं ते औषध कुठं देतात ते मले पाहू द्या. सरकारनं लिहून दिलं त्याची हयगय नाही करायची."

अशा रीतीनं सीताबर्डीवरच्या बारची माझी आयुष्यातली पहिली सफर सासऱ्यांच्या सोबतीनं झाली!

पहिल्या बारच्या दारातच मॅनेजरनं आम्हाला अडवलं. "परमिट?"

मी माझं दाखवलं.

"आणि यांचं?"

"मी पेशंटचा माणूस आहो," मामाजी म्हणाले आणि आत शिरून त्यांनी खुर्ची ओढली. मॅनेजरच्या सगळ्या नोकरीत असा माणूस आला नसावा. तो बाजूला झाला.

आत वानखेडे ठरल्याप्रमाणे माझी वाट पाहत बसला होता. त्याच्यापुढे ग्लास होता. आम्हाला पाहून तो उठला, बसला आणि पुन्हा उठला.

"हेही पेशंटच का?" मामाजींनी सहानुभूतीनं विचारलं.

"हो जी," वानखेडे म्हणाला. "लिव्हर."

"लहान वयात!" मामाजींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. वानखेडेचा घोट घशातच अडकला. संध्याकाळभर बसायच्या तयारीनं आलेला हा गडी पाच मिनिटांत पसार झाला.

माझा ग्लास आला. मामाजी संत्रं घेतात ते देठाजवळ हुंगून. तसाच त्यांनी तो ग्लास नाकाशी धरला आणि वेटरला बोलावलं.

"हे आंबलं आहे."

"साहेब, बीअर आहे ती."

"अरे, आंबलेलं मले कळत नाही का? पेशंटले आंबलेलं देता? चला बापू, दुसरीकडे पाहू."

दुसऱ्या ठिकाणीही आंबलेलीच निघाली. तिथे त्यांनी शेजारच्या टेबलावरचा ग्लास मागून घेऊन तोही हुंगला. (ग्लासाचा मालक अजून शुद्धीत होता, म्हणून थोडी बाचाबाची झाली.) मग त्यांनी प्रत्येक टेबलावर जाऊन कोणाला काय दुखणं आहे आणि या औषधानं गुण येतो का, याची चौकशी सुरू केली. एकानं पोट सांगितलं, एकानं गुडघे. एक जण ढसाढसा रडून म्हणाला, "बायको!" त्याला मामाजींनी खिशातलं संत्रं दिलं.

तिसऱ्या बारमध्ये मामाजींनी हार मानली. सगळ्या गावात मालच आंबलेला, तर तोच घ्यायचा. पण ग्लासाला हात लावून ते पुन्हा दचकले. "बर्फासारखं थंडगार! छाती भरंल ना!" त्यांनी वेटरला ती बीअर आत नेऊन कोमट करून आणायला लावली आणि वर कनवटीच्या पुडीतली सुंठ घातली.

लोक मला विचारतात, पहिली बीअर कशी लागली? मी त्यांना काय सांगू! वेटर, मॅनेजर, स्वयंपाक्याचा सहायक, सगळे कोंडाळं करून उभे होते आणि मामाजी मला एकेक घोट पाजत "शाबास, शाबास" म्हणत होते. दीड ग्लास पोटात गेला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते सुंठीचं होतं, पण मामाजींना वाटलं, पेशंटला भरून आलं.

बाहेर आलो. व्हरायटी चौकात लाल पेटी दिसली आणि मामाजींनी खिशातून पोस्टकार्ड काढलं. मी धावत जाऊन पेटीच्या तोंडावर तळहात ठेवला.

"मामाजी, थांबा! मले काही झालं नाही! हृदय चांगलं आहे, झोप चांगली आहे, भूक तर फारच चांगली आहे. मी पिण्यासाठी खोटी चिठ्ठी घेतली. मी नालायक आहो!"

मामाजींनी माझ्याकडे फार मायेनं पाहिलं. "शालीसाठी बोलून राहिले ना बापू? मले कळते. देवमाणूस आहे तुमी."

"नाही जी! मी हरामखोर आहो!"

"सरकारचा शिक्का खोटा नसते. हात काढा."

आता काय करावं? समोर एक सायकलरिक्षा उभी होती. दीड ग्लास बीअर आणि चिमूटभर सुंठ यांनी मला त्या दिवशी जी बुद्धी दिली, ती नंतर कधी झाली नाही.

"बसा," मी म्हणालो. "तुम्हाला धरमपेठेपर्यंत मी ओढतो. हृदय कमजोर असलं तर झाशी राणी चौकातच थांबेल. मग खुशाल टाका कार्ड!"

"ए साहब, ये क्या लगा रखा है?" रिक्षावाला ओरडला.

"तू भी बैठ!" मी म्हणालो.

आणि निघालो. सीटवर मी, मागे मामाजींचा तो देह, त्यांच्या शेजारी पाय आखडून बसलेला रिक्षावाला. सुरुवातीला तो आरडाओरडा करत होता. चौक आला तसा सैलावला आणि मला "लेफ्ट दबा के" वगैरे शिकवायला लागला. मामाजी माझ्या पाठीकडे वाकून दर शंभर पावलांवर विचारत होते, "कळ येते का?" कळ येत होती, पण ती पोटऱ्यांत. चौकात आमचे ऑफिसचे साहेब स्कूटरवर उभे होते. मी घंटी वाजवून पुढे गेलो. (सोमवारी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून हळू आवाजात विचारलं, "पगार पुरत नाही का?")

धरमपेठेत शिरलो तेव्हा गल्लीतली सगळी पोरं मागे धावत होती. हेडमास्तर गच्चीवर आले. विमलनं मला पॅडल मारताना पाहिलं आणि किंचाळून दारातच मटकन बसली. मी फाटकाशी ब्रेक दाबला, उतरलो आणि घामानं निथळत ताठ उभा राहिलो.

मामाजी खाली उतरले. त्यांनी माझ्या छातीला कान लावला. बराच वेळ ऐकलं. मग पोस्टकार्डाचे चार तुकडे केले.

"घोड्यासारखं चालून राहिलं," ते म्हणाले. "लगन वैशाखातच!"

शालूनं ओसरीवर उडीच मारली. मलाही रडू आलं, आणि या वेळी ते सुंठीचं नव्हतं. पण विमलच्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडायला लागला होता.

"मंग हृदय चांगलं होतं," ती उठत म्हणाली, "तर परमिट काहून काढलं जी?"

पुढचे आठ दिवस मी बिनमिठाचंच जेवलो. परमिट चुलीत गेलं. रिक्षावाला मात्र संत्री घेऊन खुशीत गेला.

लग्न थाटात झालं. आजीही होती, सगळ्यांत पुढे. मंडपात मामाजींनी मला हाताला धरून व्याह्यांसमोर उभं केलं. ते सरळ माणूस, सोयऱ्यांपासून लपवणं त्यांच्या रक्तात नाही.

"हे आमचे मोठे जवाई," ते भरल्या आवाजात म्हणाले. "पितात. पण रिक्षा चांगली ओढतात."

मग नवऱ्या मुलाचा मामा पुढे झाला आणि त्यानं मोठ्या अदबीनं मला विचारलं, "मग आमचं वऱ्हाड बसस्टँडपर्यंत सोडायचं काय घ्याल?"

"घेतात कशाचं जी," मामाजी म्हणाले, "घरचेच आहेत!"

आणि खरं सांगतो, बसस्टँडपर्यंत मी फक्त आजीला सोडलं!